लाल रेघ आणि पोथीचे पान

मराठीच्या प्राध्यापिकेने कोड-संपादकाविषयी लिहावे, यात थोडा आगाऊपणा आहे याची मला जाणीव आहे. आमच्या विषयात 'संपादक' हा शब्द माणसासाठी वापरतात. एकाच ग्रंथाच्या चार प्रती समोर ठेवून कोणता पाठ स्वीकारायचा आणि कोणता तळटिपेत टाकायचा याचा निर्णय जो घेतो, तो संपादक. संगणकवाल्यांचा 'एडिटर' म्हणजे लिहिण्याची नुसती खिडकी. २०२३ च्या जूनपासून मी या दोन्ही संपादकांच्या मध्ये वावरते आहे, आणि त्या काळात माझ्या हातून जी एक चूक झाली ती पाठचिकित्सा शिकवणाऱ्या कोणालाही लाज आणील अशी आहे. ती सांगायची, तर आधी त्या खिडकीची हकिगत सांगावी लागेल.

आमच्या तालुक्यातल्या एका कुटुंबाकडे देवनागरीत लिहिलेली एक ओवीबद्ध पोथी होती. सुटी पाने, दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधलेली, जागोजागी किडीने खाल्लेली. घरातल्या आजोबांनी ती आम्हांला तीन महिन्यांच्या बोलीवर दिली. पाने मोबाइलवर टिपून घ्यायची आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी मूळ पाने समोर ठेवून संहिता संगणकावर उतरवायची, असे ठरले.

अशा कामात नुसती अक्षरे उतरवून भागत नाही. कोणते अक्षर स्पष्ट आहे, कोणते अंदाजाने वाचले, कुठे पान खाल्ले गेले आहे, लेखनिकाची चूक कोणती आणि आपली दुरुस्ती कोणती, हे सगळे संहितेतच नोंदवावे लागते. जुन्या संपादकांनी हे काम चौकटी कंस, फुल्या आणि तळटिपा यांनी केले. संगणकासाठी टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, या नावाने १९८७ पासून वाढत आलेली खुणांची एक पद्धत आहे. ती आता एक्सएमएलमध्ये लिहितात. ओवीला 'एलजी' ही खूण, तिच्यातल्या प्रत्येक चरणाला 'एल'. अक्षर गेलेले असेल तर 'गॅप', दिसते पण खात्री नाही तर 'अनक्लिअर', गेलेले अक्षर संपादकाने भरून काढले तर 'सप्लाइड', लेखनिकाची चूक तशीच ठेवली तर 'सिक'. बहुतेक खुणा उघडायच्या आणि आठवणीने बंद करायच्या.

लिहायचे कशात, ही अडचण होती. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर नवे काही बसवण्याची परवानगी नव्हती, आणि निम्मे विद्यार्थी घरच्या जुन्या संगणकावर काम करणार होते. सर्वांकडे सारखी असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे ब्राउझर. तेव्हा संगणकशास्त्र विभागातले माझे एक तरुण सहकारी आणि त्यांचा बी.एस्सी.चा एक विद्यार्थी यांनी कोडमिरर हा ब्राउझरमध्ये चालणारा खुला संपादक बसवून दिला. पत्ता उघडला की पान समोर. खुणा निळ्या, मजकूर काळा. दिसायला फार सुरेख.

पण रंगवणे म्हणजे समजणे नव्हे. टोकदार कंसांत काही लिहिले आहे एवढेच त्या संपादकाला कळे. 'सप्लाइड'ऐवजी कोणी 'सप्लाय' लिहिले तरी तो ते तितक्याच प्रेमाने निळे करी. पहिल्या आठवड्यातल्या पानांत इतक्या चुका निघाल्या, की मी रात्री जागून खुणाच तपासत बसले; ओव्या वाचायला वेळ उरला नाही. माझी तक्रार ऐकून सहकारी म्हणाले, "मॅडम, याला लँग्वेज सर्व्हर जोडू या."

ही कल्पना त्यांनी मला ज्या रीतीने सांगितली, त्याच रीतीने सांगते. पूर्वी प्रत्येक संपादकाला प्रत्येक संगणकभाषेचे ज्ञान वेगळे शिकवावे लागे. दहा संपादक आणि वीस भाषा असतील, तर दोनशे वेळा तेच काम. २०१६ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांच्या सहकार्याने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यामागचा विचार साधा आहे. भाषेचे ज्ञान संपादकात ठेवायचेच नाही. ते एका स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये ठेवायचे, आणि संपादकाने त्याला ठरलेल्या नमुन्याच्या चिठ्ठ्या पाठवून विचारायचे. संपादकांच्या बाजूने दहा आणि भाषांच्या बाजूने वीस, अशा तीस जोडण्यांत काम भागते. बाहेरच्या खोलीत कारकून लिहीत बसला आहे आणि आतल्या खोलीत व्याकरणाचा पंडित आहे, अशी कल्पना करावी. कारकुनाला व्याकरण येत नाही. पंडित स्वतः एक ओळही लिहीत नाही.

आपल्या संगणकावरच्या नेहमीच्या संपादकात ही व्यवस्था सोपी असते, कारण संपादकच पंडिताला उठवून आणतो. ब्राउझरला ती मुभा नाही. उघडलेल्या पानाने तुमच्या संगणकावरचा दुसरा प्रोग्रॅम परस्पर चालू करू नये, हा सुरक्षिततेचा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून आमचा पंडित महाविद्यालयाच्या सर्व्हरवर बसवावा लागला. एक्सएमएलसाठी जावा भाषेत लिहिलेला लेमिंक्स हा लँग्वेज सर्व्हर तयार होता. ब्राउझरमधून वेबसॉकेटच्या तारेवरून चिठ्ठी यायची, आणि ती पंडिताच्या हातात द्यायला मध्ये एक छोटा पायथन प्रोग्रॅम. त्याला आम्ही 'पूल' म्हणू लागलो. तो बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने दोन दिवसांत लिहिला.

या चिठ्ठ्यांतली एक गोष्ट मला विशेष वाटली. पान उघडले की संपादक त्याचा सगळा मजकूर पंडिताकडे पाठवतो. त्यानंतर पंडिताजवळ त्या पानाची स्वतःची एक प्रत असते. पुढे आपण अक्षर घातले वा खोडले, की तेवढाच बदल कळवला जातो: अमुक ओळ, अमुक जागा, हे काढा, ते घाला. प्रत्येक बदलाला आवृत्तीचा क्रमांक असतो, कारण एखादा बदल वाटेत गळला वा मागेपुढे झाला, तर दोन प्रती वेगळ्या होतात. मग पंडित आपल्या प्रतीतली चूक दाखवतो आणि लाल रेघ आपल्या प्रतीतल्या भलत्याच शब्दाखाली उमटते. हे ऐकल्यावर मी हसले. मूळ प्रत, तिची नक्कल आणि दोहोंत पडत गेलेला पाठभेद हा तर आमच्या अभ्यासक्रमातला एक आख्खा घटक आहे. फक्त इथे तो सेकंदाच्या आत घडतो.

दुसरी गंमत ओळींच्या मोजणीची. प्रोटोकॉल पहिल्या ओळीला शून्य म्हणतो, कोडमिरर तिला एक म्हणतो. हा फरक लक्षात येईपर्यंत दुसऱ्या चरणातल्या चुकीची शिक्षा पहिल्या चरणाला होत होती. पण खरी अडचण पुढे आली.

नमुन्यासाठी घेतलेली इंग्रजी कविता उत्तम चालली. खूण बंद केली नाही की लाल रेघ, केली की रेघ गायब. आम्ही चहा मागवला. मग मी पोथीचे पहिले पान उघडले, आणि पंडित मूक झाला. रेघ नाही, सूचना नाही, काही नाही. इंग्रजी पान पुन्हा उघडले, तर तेही चालेना. दोन दिवस सगळे वेबसॉकेटला दोष देत होते. चूक सापडली ती पुलात, आणि ती सापडल्यावर मला वाटले की ही चूक संगणकाची नव्हेच, ती माझ्या वर्गातली आहे.

झाले होते ते असे. पंडिताच्या हाती चिठ्ठी देण्यापूर्वी ती किती लांब आहे ते सांगावे लागते. या आकड्याला 'कंटेंट-लेंग्थ' म्हणतात, आणि तो बाइटमध्ये द्यायचा असतो. आमच्या विद्यार्थ्याने पायथनला मजकुराची लांबी विचारली. पायथनने चिन्हे मोजून उत्तर दिले. यूटीएफ-८ या रीतीत साधे इंग्रजी अक्षर एका बाइटचे असते, त्यामुळे नमुन्याच्या कवितेत दोन्ही आकडे सारखेच आले. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइटचे.

'ज्ञानेश्वर' हा शब्द घ्या. ओवी शिकवताना मी फळ्यावर त्याची अक्षरे चार मोजते. मात्रा मोजायला सांगितल्या तर त्या सहा. युनिकोडच्या लेखी त्यात दहा चिन्हे आहेत, कारण तिथे ज, ञ, श ही व्यंजने वेगळी, पाय मोडण्याची खूण वेगळी, काना वेगळा, मात्रा वेगळी. यूटीएफ-८ मध्ये त्याच शब्दाचे बाइट होतात तीस. चिठ्ठीत एवढा एकच शब्द होता असे समजा. पूल सांगत होता दहा आणि पाठवत होता तीस. पंडित इमानाने दहा बाइट मोजून घेई, म्हणजे 'ज्ञ'ची तीन चिन्हे आणि वर कान्याचा एक तृतीयांश तुकडा. तिथे चिठ्ठी संपली असे समजून तो उरलेले वीस बाइट पुढच्या चिठ्ठीचा मथळा म्हणून वाचू लागे. यानंतर तो मूक झाला नसता तरच नवल.

दुरुस्ती एका ओळीची होती. मोजण्यापूर्वी मजकुराचे बाइट करायचे, मग मोजायचे. पण त्या दिवशी मी तो शब्द वर्गात फळ्यावर लिहिला आणि त्याची लांबी विचारली. चार, सहा आणि दहा, अशी तिन्ही उत्तरे आली. चूक कोणाचेच नव्हते. अक्षरगणवृत्ताची मोजणी मात्रावृत्ताला लावून एखाद्या कवितेला सदोष ठरवणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. त्यालाही मी हेच सांगत आले आहे, की आधी काय मोजतो आहोत ते ठरव. लाल रेघ कुठून कुठपर्यंत ओढायची हे सांगताना हा प्रोटोकॉल आणखी तिसरेच माप वापरतो, यूटीएफ-१६ चे घटक. त्यात देवनागरीचे चिन्ह एका घटकाचे असल्याने आमचे निभावले. इमोजी बहुधा दोन घटकांचा असतो. २०२२ च्या ३.१७ या आवृत्तीपासून संपादक आणि सर्व्हर यांना आपसांत दुसरे माप ठरवून घेता येते. मापे आधी ठरवून मगच बोलणे सुरू करावे, हे शहाणपण साहित्याच्या चर्चासत्रांतही यायला हवे. असो.

त्यानंतरचे तीन महिने फार चांगले गेले. चुकीची खूण लिहिली की लगेच रेघ येई. कंस उघडला की तिथे चालणाऱ्या खुणांची यादी समोर येई. खुणांच्या नियमावलीत आम्ही मराठीतून स्पष्टीकरणे लिहिली, त्यामुळे खुणेवर माउस ठेवला की माझेच वाक्य दिसे: 'अनक्लिअर: अक्षर दिसते, पण शपथेवर सांगता येत नाही.' विद्यार्थ्यांना ते आवडे. मी घरी असतानाही मॅडम खांद्यावरून पाहतात, असे एक जण म्हणाला.

नियम आम्हीच घट्ट करत गेलो. ओवीला चार चरण असतात, म्हणून 'एलजी'त बरोबर चार 'एल' हवेत असा नियम केला. एकदा एका विद्यार्थ्याच्या पानात तिसरा चरण चमत्कारिक तुटलेला दिसला. पोथीच्या लेखनिकाकडून एक चरण गळला होता. रेघ जाईना, म्हणून त्या मुलाने तिसऱ्या चरणाचे दोन तुकडे करून चार भरवले होते. तो नियम मी त्याच दिवशी काढून टाकला. गळलेला चरण ही पोथीची हकिगत आहे. ती पुसण्याचा अधिकार आम्हांला नाही. यातून मी शिकायला हवे होते, पण शिकले नाही. दुसरा एक नियम तसाच ठेवला: 'सप्लाइड' लिहिणाऱ्याने ते कोणी भरले आणि किती खात्रीने भरले, ही दोन्ही उत्तरे दिलीच पाहिजेत. नाही दिली तर लाल रेघ. या नियमाचा मला अभिमान होता.

आणि याच काळात केव्हातरी मी रेघ नसलेली पाने वाचणे सोडून दिले. हीच ती चूक. ठरवून सोडले असे नाही. कामाचा रेटा होता, परीक्षा होत्या, आणि खिडकीच्या खाली 'त्रुटी: ०' असे लिहून येत होते.

नोव्हेंबरात पोथी परत केली. जानेवारी २०२४ मध्ये आजोबा वारले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा कळले, की घरच्यांनी पोथी त्यांच्या अस्थींबरोबर नदीला दिली. कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. जीर्ण पोथी पाण्यात सोडण्याची रीत घरोघर आहे, आणि त्यांच्या मनात त्या वेळी भक्तीच होती. आमच्याजवळ छायाचित्रे होती आणि संहिता होती. मी निर्धास्त होते.

त्या पावसाळ्यात एका व्याख्यानासाठी काही पाने छापून घेतली. एक्केचाळिसाव्या पानाच्या दोन बाजू दोघींनी उतरवल्या होत्या. मागच्या बाजूला एका ओळीत 'गॅप' होता: कीड, तीन अक्षरे. पुढच्या बाजूला काहीच नव्हते. सगळ्या ओव्या पूर्ण, सगळी यमके जुळलेली. मी दोन्ही कागद बराच वेळ समोर ठेवून बसले. भोक एका बाजूला असते आणि दुसऱ्या बाजूला नसते, असे कधी होत नाही. मोबाइलमधले मागच्या बाजूचे छायाचित्र स्वच्छ होते; भोक दिसत होते. पुढच्या बाजूचे नेमके हललेले. पान पालटून पाहिल्याप्रमाणे जागा जुळवली, तर ती एका ओवीच्या तिसऱ्या चरणाच्या शेवटी येत होती. म्हणजे यमकावर.

जिने ती बाजू उतरवली होती ती माझ्या चांगल्या विद्यार्थिनींपैकी एक. तिला बोलावले. तिने लपवाछपवी केली नाही.

"तिथे भोक होतं, मॅडम. पण आधीच्या दोन चरणांचं यमक होतं ना, त्यावरून एकच शब्द बसत होता. 'सप्लाइड' लिहायला गेले तर ते कोणी भरलं, किती खात्रीने भरलं, ते विचारत राहिलं. खात्रीचं काय लिहायचं ते ठरेना. मग साधंच लिहिलं. रेघ गेली. नंतर तुम्हांला विचारू म्हटलं, ते राहूनच गेलं."

मी तिला रागावू शकले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढच्यांनी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले, हे मी दरवर्षी शिकवते. तिनेही परीक्षेत लिहिले होते. पण इथे तिला त्या वाटेला लावले ते माझ्याच नियमाने. प्रामाणिकपणे खूण करणाऱ्याला आम्ही दोन प्रश्न विचारत होतो, आणि खूण न करणाऱ्याला एकही नाही. लँग्वेज सर्व्हरचा यात काडीचाही दोष नव्हता. जे लिहिले आहे ते नियमांत बसते की नाही, एवढेच तो सांगतो, आणि ते त्याने चोख सांगितले. कागदावर भोक होते की नाही, हे त्याला कोणी कधी दाखवलेच नव्हते. ते पाहणे माझे काम होते.

नंतर आम्ही दोन बदल केले. 'सप्लाइड'मधली ती सक्ती काढली. आता उत्तर दिले नाही तर लाल रेघ येत नाही, फक्त एक साधी सूचना येते. आणि ज्या पानांची छायाचित्रे धड आहेत ती सगळी दुसऱ्या विद्यार्थ्याकडून, पहिली संहिता न दाखवता, पुन्हा उतरवून घेतली. दोन्ही संहितांची तुलना संगणक करतो. फरक जिथे निघेल तिथे आम्ही बसून वाचतो. काम दुप्पट झाले. अशी भरलेली भोके आणखी चार सापडली, दोन वेगळ्याच विद्यार्थ्यांची.

एक्केचाळिसाव्या पानाला मात्र हा उपाय चालत नाही. तिथे दुसरी प्रत नाही, आणि मूळ पान आता नाही. त्या जागी आम्ही 'सप्लाइड' ही खूण घातली आणि तिच्यात त्या मुलीची आद्याक्षरे लिहिली. खात्रीच्या जागी मी 'लो' लिहा म्हटले. ती म्हणाली, 'मीडियम'. भोकाच्या काठावर एका वेलांटीचा शेंडा आपण पाहिला होता, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, तो तू आज आठवते आहेस, तेव्हा नोंदवला नव्हतास. ती म्हणाली, यमकाचा पुरावा पुरावा नाही का? तुम्हांला दुसरा शब्द सुचतो का? मला सुचत नव्हता. अर्धा तास आमचा वाद चालला, आणि वर्गातली बाकीची मुले कामे सोडून ऐकत बसली.

शेवटी खुणेत तिच्या आद्याक्षरांपुढे 'मीडियम' लिहिले, आणि खाली टीप जोडून तीत माझ्या आद्याक्षरांपुढे 'लो'. सर्व्हरने दोन्ही नोंदी स्वीकारल्या. त्या ओवीखाली लाल रेघ नाही.